मागे बसणाऱ्यांची जागा

२०२० च्या मार्च-एप्रिलात पबजीच्या कर्त्यांनी संगणक आणि कन्सोलवरच्या आपल्या खेळात बॉट सोडले, म्हणजे यंत्राने चालवलेले खेळाडू. शंभर जणांनी एका बेटावर उतरायचं आणि शेवटी एकाने किंवा एका चमूने उरायचं, असा हा खेळ. तो बाजारात येऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती. कंपनीने कारण उघडपणे सांगितलं. जुने खेळाडू फार तयार झाले आहेत, नवा माणूस उतरतो आणि काही शिकायच्या आत मरतो, तेव्हा त्याला मारता येतील असे काही कच्चे गडी मैदानात हवेत. जुन्या खेळाडूंनी नाकं मुरडली. मला मात्र सावंतवाडी आठवली.

कारण हा प्रश्न संगणकाने आणलेला नाही. खेळ वाढतो तसे त्यातले जाणतेही वाढतात. मग एक दिवस असा येतो की पटावर सगळे जाणतेच उरतात, एकेक करून म्हातारे होतात आणि खेळ त्यांच्याबरोबर जातो. सिंधुदुर्ग जिल्ह्यात याचा एक पुरा झालेला दाखला आहे. सावंतवाडीच्या राजवाड्यात आजही चितारी कारागीर गंजिफाचे गोल पत्ते रंगवताना दिसतात. ते पाहायला लोक जातात, विकत घेतात, चौकट करून भिंतीला लावतात. त्या पत्त्यांनी खेळता येणारे मात्र हुडकावे लागतात.

गंजिफा आपल्याकडे आला इराणकडून. इथली त्याची सुरुवातीची पक्की नोंद बाबराच्या आत्मचरित्रात आहे. १५२७ साली त्याने सिंधमध्ये ठठ्ठ्याला शाह हसनकडे गंजिफा पाठवला. शाह हसनला या खेळाचा नाद होता, त्याने तो मागवला होता. पुढे अबुल फझलने ‘आईन-ए-अकबरी’त अकबराच्या दरबारातल्या १२ रंगांच्या, १४४ पत्त्यांच्या गंजिफाचं वर्णन केलं. दरबाराबाहेर रुळला तो मुख्यतः ८ रंगांचा, ९६ पत्त्यांचा. ताज, सफेद, शमशेर, गुलाम, चंग, सुर्ख, बरात, किमाश असे त्याचे रंग. या नावांत मोगली कारभार भरलेला आहे: नाणी, हुंड्या, कोठार, नोकर. ज्याचा त्या कारभाराशी संबंध नाही त्याला आधी ही यादीच पाठ करावी लागे.

दशावतारी गंजिफाने नेमकी ही अडचण काढून टाकली. आठांच्या जागी विष्णूचे दहा अवतार आले आणि पत्ते झाले १२०. संख्या वाढली, पण ओळख सोपी झाली. मत्स्याच्या पत्त्यांवर मासे, कूर्माच्या पत्त्यांवर कासवं, वामनाचे कमंडलू, परशुरामाचे परशू, रामाचे बाण, कल्कीच्या तलवारी. शिवाय प्रत्येक रंगाची पार्श्वभूमी वेगळी, त्यामुळे हातातलं पान लांबूनही कळायचं. जिथे जत्रेला रात्रभर दशावतारी नाटक चालतं आणि पोरं पेंगत का होईना पण सकाळपर्यंत बसतात, त्या मुलखात ही दहा नावं कोणाला शिकवायची गरज नव्हती. खेळ अवघड न करता मोठा कसा करावा, याचं हे मला माहीत असलेलं सगळ्यात सुरेख उदाहरण. आजच्या गेम कंपन्या नवी पात्रं आणताना हेच करू पाहतात आणि बहुतेकदा त्यांना जमत नाही.

सावंतवाडीत हा खेळ रुजला तो तिसरे खेमसावंत भोसले यांच्या काळात. त्यांची कारकीर्द १७५५ ते १८०३. तेलंगणातून दरबारी आलेल्या विद्वानांनी हा खेळ आणला असं तिथे सांगतात. राजाश्रय होता, लाखकाम करणारे चितारी गावातच होते. कागदाचे थर चिंचोक्याच्या खळीने चिकटवायचे, खडूचा लेप द्यायचा, घोटायचं, रंगवायचं आणि वर लाखेचा हात. श्रीमंतांसाठी हस्तिदंतावर किंवा कासवाच्या पाठीवर नक्षीदार किनारीचे दरबारी पत्ते, बाकीच्यांसाठी साधी ‘बाजार कलम’. म्हणजे ऐपतीप्रमाणे दोन दरवाजे होते. मोबाइलवरच्या खेळांनी पुढे हेच केलं. स्वस्त फोनवर चालावी म्हणून पबजीची ‘लाइट’ आवृत्ती २०१९ साली भारतात निघाली, ती याच जातीची बाजार कलम.

इथपर्यंत सगळं नवख्याच्या बाजूने आहे. गाडं अडतं ते खेळायला बसल्यावर.

प्रत्येक रंगात १२ पानं: राजा, प्रधान, आणि एक ते दहा. राजा मोठा, त्याखाली प्रधान. त्यानंतर मात्र निम्म्या रंगांत दश्शा मोठा आणि एक्का सगळ्यात लहान. उरलेल्या निम्म्यांत एक्का मोठा आणि दश्शा लहान. अर्धा खेळ सुलटा, अर्धा उलटा. दिवसा खेळत असाल तर रामाच्या राजाची उतारी, दिवेलागणीनंतर कृष्णाच्या. तिघांनी बसायचं, प्रत्येकाच्या वाट्याला ४० पानं. लाखेचे ताठ गोल पत्ते आपल्यासारखे पिसता येत नाहीत. ते कापडावर पालथे पसरून हाताने कालवायचे आणि मग वाटायचे. पत्त्याच्या कोपऱ्यात आकडा नाही. आठ कासवं आहेत की नऊ, हे मोजून बघायचं, आणि ते ४० पानं हातात धरून.

पण खरी कसोटी वेगळीच. या खेळात ठरावीक हुकूम नाही. कोणत्याही क्षणी त्या रंगातलं जे सगळ्यात वरचं पान अजून पडलेलं नाही, ते हुकमी. राजा आणि प्रधान पडून गेले असतील तर हातातला दश्शा हुकमी. उलट्या रंगात एक्का. म्हणजे कोणतं पान पडलं आणि कोणतं अजून कोणाच्या तरी हातात आहे, हे दहाही रंगांत एकाच वेळी ध्यानात ठेवायचं. ज्याला ते जमतं त्याच्यासमोर नवा माणूस अर्ध्या तासात उघडा पडतो. त्यात तिघेही एकेकटे. जोडीदार नाही, सांभाळून घेणारा नाही. हातात हुकमी पान असूनही ते हुकमी आहे हे कळलं नाही, तर ती चूक तुमची तुम्हालाच भोवणार.

गंजिफा का मेला याचं ठरलेलं उत्तर म्हणजे छापील ५२ पानी पत्ते स्वस्तात आले आणि संस्थानांचा आश्रय गेला. उत्तर खोटं नाही, अर्धं आहे. निव्वळ किमतीचा प्रश्न असता तर छापील गंजिफा निघून चालू राहिला असता. आणि पत्त्यांच्या संख्येनेच तो मेला म्हणावं तर ओडिशा आडवा येतो. पुरीच्या बाजूला गंजपा अजून खेळतात, आणि तिथे तर आठ, दहा, बारा, त्याहूनही जास्त रंगांचे जोड झाले. तो तिथे टिकला तो ओट्यावर. गावातल्या मठीत, देवळापुढे म्हातारे खेळत बसतात, आणि जाणाऱ्या-येणाऱ्याला बाजूला टेकता येतं. चार महिने नुसतं बघितलं की उलटसुलट रंग डोक्यात बसतात. बंगालात विष्णुपूरला याच जातीच्या पत्त्यांनी ‘नक्श’ नावाचा सोपा डावही चाले. पानांची बेरीज सतराच्या जवळ न्यायची, एवढंच. पहिल्याच संध्याकाळी शिकता येईल असा.

याच्या अगदी दुसऱ्या टोकाला म्हैसूर. तिसरे कृष्णराज वडियार गादीवर होते १७९९ ते १८६८, पण १८३१ साली इंग्रजांनी कारभार काढून घेतला आणि राजाच्या हाताशी वेळच वेळ आला. त्यांनी बुद्धिबळाची कोडी रचली, आणि ‘छद’ नावाचे पत्त्यांचे खेळ काढले. त्यातल्या चामुंडेश्वरी छदात ३२० पानं, कृष्णराज छदात १८ रंग आणि ३६० पानं. ‘श्रीतत्त्वनिधी’ या त्यांच्या ग्रंथात त्यांची वर्णनं आहेत, आणि रुडॉल्फ फॉन लायडनसारख्या संग्राहकांनी त्यांच्यावर जीव लावून अभ्यासही केला आहे. राजवाड्याबाहेर ते कधी पसरल्याचं दिसत नाही. खेळाच्या कर्त्याला आपला खेळ पुरता येतो, म्हणून त्याला तो सतत अपुरा वाटतो. ही खोड वडियारांपुरती नव्हती.

आता ५२ पानांकडे. पोर्तुगीज, मग इंग्रज यांच्याबरोबर आलेला हा जोड कोकणात घरोघरी गेला, त्याचं श्रेय मी त्याच्या खेळांच्या उतरंडीला देतो. एकाच जोडात पाच वर्षांच्या पोरापासून ब्रिजच्या चॅम्पियनपर्यंत सगळ्यांची सोय आहे. भिकार-सावकारला अक्कल लागत नाही, नुसतं पान टाकता आलं पाहिजे. गुलामचोरात जोड्या लावायला शिकतो. बदाम सातात क्रम कळतो आणि पान दाबून धरण्यातली गंमतही. झब्बूत वाढत्या पानांची भीती कळते. पाच-तीन-दोनमध्ये पहिल्यांदा हुकूम आणि हात यांची ओळख होते. मग मेंढीकोट, तिथे जोडीदार मिळतो आणि दश्शे धरायचे असतात. तिथून पुढे तीनशे चार, रमी, ब्रिज, ज्याचा जसा वकूब. प्रत्येक पायरीवर एकच नवी गोष्ट. कोणी आखून दिलेला अभ्यासक्रम नाही हा, पण याहून बरा अभ्यासक्रम मी शाळेतही पाहिला नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पानाच्या कोपऱ्यात आकडा आणि चिन्ह छापायला लागले, त्याने पंखा धरून नुसत्या कडा बघता यायला लागल्या. गंजिफाच्या पत्त्याला हे भाग्य लाभलं नाही. त्याच्या १२० पानांत सावंतवाडीला माझ्या माहितीत एकच खेळ होता, तोही सगळ्यात वरच्या पायरीचा.

आणि गणपती. सिंधुदुर्गात पत्ते शिकायची खरी शाळा चतुर्थीच्या आठवड्यात भरते. मुंबईहून चाकरमानी आलेले असतात, आरत्या-भजनं आटोपलेली असतात, माटवीखाली गणपतीपुढे सतरंजी पडते. चौघे खेळतात आणि दहा जण त्यांच्या पाठीशी. एखाद्या पोराने उत्साहात काकाच्या हातातला दश्शा बोलून दाखवला की डोक्यात टपली बसते, “नुसतो बघ, बोलू नको.” या एका वाक्यात दोन्ही गोष्टी आहेत, बघायची परवानगी आणि बोलायची बंदी. रात्री दोनच्या सुमाराला कोणाला तरी झोप अनावर होते, तो आपली पानं पाठीमागच्या पोराच्या हाती देतो आणि आडवा होतो. पोराचा पहिला खरा डाव असा सुरू होतो, अर्ध्यावर, दुसऱ्याच्या पानांवर, आणि समोर जोडीदार म्हणून कसलेला मामा. पोराने घाण केली तर मामा डोळे वटारतो, पण पुढच्या हाताला सावरूनही घेतो.

त्याहून लहानांसाठी अंगणातला ‘कच्चा लिंबू’ आहेच. लपाछपी असो की डबा ऐसपैस, धाकट्या भावंडाला घेतल्याशिवाय आई बाहेर सोडत नाही. मग तो लिंबूटिंबू. तो पळतो, लपतो, आरडाओरडा करतो, पण त्याच्यावर राज्य येत नाही. त्याच्यासाठी खेळाचा एकही नियम बदलत नाही, बदलतो तो फक्त हरण्याचा भुर्दंड. काही महिन्यांनी तोच पाय आपटत सांगतो की मी आता कच्चा लिंबू नाही, आणि पहिलं राज्य घेतो. खेळ मांडणाऱ्या जगातल्या तमाम मंडळींनी नवख्यासाठी जे जे शोधलं त्यात मला हा सगळ्यात अक्कलहुशारीचा तोडगा वाटतो, कारण त्यातून बाहेर पडायची वेळ नवखा स्वतः ठरवतो.

घाटावर कुस्त्यांच्या मैदानात हीच गोष्ट जरा शिस्तीने चालते. मैदान सुरू होतं ते रेवड्यांवरच्या कुस्त्यांनी, लहान लहान पोरांच्या. मग इनाम चढत जातं. जोड लावायचं काम जाणत्या वस्तादांचं. दोन पोरं शेजारी उभी करायची, उंची, मान, दंड बघायचे, कोण कोणत्या तालमीचा ते विचारायचं आणि हात उंच करून जोड जाहीर करायची. जोड चुकली तर प्रेक्षकच ओरडतात. मालवणात नारळी पौर्णिमेला बंदरावर नारळ लढवतात, तिथे हेही लागत नाही. एक नारळ विकत घ्या आणि दुसऱ्याच्या नारळावर हाणा. ज्याचा फुटला त्याचा गेला. कठीण करवंटीचा नारळ पारखून घेणं हे कसब आहेच, पण नवख्याचा नारळही नशिबाने टिकतो. आता तिथे बायकांच्या स्पर्धाही होतात. ज्या खेळात नशिबाला थोडी जागा असते त्यात नवा माणूस परत येतो. गंजिफात एकदा पानं वाटली की नशीब उठून जायचं.

वस्तादाच्या नजरेचा आकडा केला तो आर्पाद एलो या हंगेरीत जन्मलेल्या, अमेरिकेत मिल्वॉकीला पदार्थविज्ञान शिकवणाऱ्या प्राध्यापकाने. बुद्धिबळपटूंच्या ताकदीला गुण द्यायची त्याची पद्धत अमेरिकन महासंघाने १९६० साली आणि फिडे या जागतिक महासंघाने १९७० साली उचलली. दोन खेळाडूंत २०० गुणांचा फरक असेल तर वरचढाने साधारण चारातले तीन गुण मिळवावेत, असा तो हिशेब. अपेक्षेपेक्षा बरं खेळलात की गुण चढतात, वाईट खेळलात की उतरतात. त्याआधी कच्च्याशी खेळताना पक्का आपलं एखादं मोहरं आधीच काढून ठेवी. गुण आल्यावर त्याची गरज उरली नाही. बरोबरीचाच शोधून काढायचा. मायक्रोसॉफ्टच्या केंब्रिजच्या संशोधकांनी २००५-०६ च्या सुमाराला ‘ट्रूस्किल’ आणलं, त्यात ताकदीच्या आकड्याबरोबर त्या आकड्याबद्दलची शंकाही मोजली. नव्या खेळाडूबद्दल शंका मोठी, म्हणून पहिल्या काही डावांत त्याचा आकडा भराभर हलतो. पुढे तो स्थिरावतो. आज फोनवर ‘प्लेअर शोधत आहोत’ असं चाक फिरतं तेव्हा पाठीमागे हाच वस्ताद जोड लावत असतो.

पण या वस्तादाला लाखो माणसं लागतात. बरोबरीचा गडी मिळायला आधी गर्दी हवी. खेळणारे चाळीसच असतील तर आकडे कितीही अचूक असोत, नवख्याच्या वाट्याला पैलवानच येणार. म्हणून मोठ्या खेळांचे उपाय लहान खेळांच्या उपयोगी पडत नाहीत. छोट्या खेळाला मामा लागतो.

गर्दी असूनही दुसरं संकट येतं, खेळाच्या फुगण्याचं. ‘लीग ऑफ लेजंड्स’ २००९ साली सुरू झाला तेव्हा निवडायला ४० पात्रं होती. आता १६० च्या वर आहेत. प्रत्येकाची चार-पाच अस्त्रं, आणि समोरच्याकडे कोणतं अस्त्र आहे हे माहीत नसलं की संपलंच. जुन्याला हे वर्षाला थोडं थोडं करून मिळालं. नव्याच्या अंगावर ते एकदम येतं. पत्त्यांचे संग्रह करून खेळायचा ‘मॅजिक’ हा खेळ रिचर्ड गारफील्डने १९९३ साली काढला. पत्ते इतके भराभर वाढले की दीडएक वर्षातच, जानेवारी १९९५ मध्ये, कंपनीला एक वेगळा प्रकार जाहीर करावा लागला, ज्यात फक्त अलीकडचे पत्ते चालतील. जुने फाडायचे नाहीत, जुन्यांसाठी वेगळे सामने आहेत. पण नव्याने आजपासून सुरुवात करायची तर गेल्या काही वर्षांचं ओझं त्याच्यावर नाही. ‘हार्थस्टोन’ या इंटरनेटवरच्या पत्त्यांच्या खेळाने हाच मार्ग एप्रिल २०१६ मध्ये धरला. ज्यांनी जुने पत्ते पैसे मोजून जमवले होते ते चिडले, आणि त्यांचं चिडणं बरोबरच होतं. पण त्यांच्या चिडण्याची किंमत चुकती केल्याशिवाय दार उघडं राहत नाही. म्हैसूरच्या महाराजांना हे कोणी सांगितलं नसावं.

आता किनाऱ्यावर. मेअखेर ते ऑगस्टअखेर मालवण-तारकर्ली-देवबागकडचं पाण्यावरचं पर्यटन बंद असतं. जून-जुलैत मासेमारीही बंद. स्कूबाच्या होड्यांवर काम करणारी पोरं पागोळ्यांखाली, रेंज मिळेल तिथे बसतात. २०१६ च्या सप्टेंबरात जिओ आलं आणि डेटा स्वस्त झाला, २०१८ साली पबजी मोबाइल आला, मग या बसण्याला नवा खेळ मिळाला. सप्टेंबर २०२० मध्ये त्यावर बंदी आली. जुलै २०२१ मध्ये तोच खेळ बीजीएमआय म्हणून परतला, वर्षभराने पुन्हा दुकानातून गेला, २०२३ च्या मे महिन्यात पुन्हा आला. बंदीच्या काळात पोरं फ्री फायर या तशाच खेळाकडे गेली, तोही फेब्रुवारी २०२२ मध्ये बंद झाला. एवढ्या येण्याजाण्यात खेळ शिकवणारी रचना मात्र तीच राहिली.

ती जरा जवळून बघण्यासारखी आहे. खेळाडू चढत जातो त्या पायऱ्या अशा: ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड, प्लॅटिनम, डायमंड, क्राउन, एस आणि सगळ्यात वर काँकरर. ब्राँझमध्ये उतरलेल्याला पहिल्याच डावात सात-आठ बळी मिळतात आणि तो हरखतो. त्यातले बहुतेक बॉट असतात. माणसासारखी नावं, पण उघड्यावर उभे राहून चुकीच्या दिशेला गोळ्या झाडणारे. जसजसं वर चढावं तसतसे ते कमी होतात आणि प्लॅटिनमच्या आसपास पोरगा कुरकुरायला लागतो की गेम कठीण केलाय. गेम कठीण केलेला नसतो. खोटे गडी काढून घेतलेले असतात. आजोबाही नातवाला मुद्दाम जिंकू देतात, पण नातवाला कधीतरी ते कळतं आणि त्या कळण्यातही माया असते. बॉट आपण बॉट आहोत हे लपवतो. मला ही फसवणूक पटत नाही. कच्च्या लिंबाला आपण कच्चा लिंबू आहोत हे माहीत असतं, आणि म्हणूनच त्याला त्यातून सुटायचं असतं.

पण या खेळातली दुसरी एक सोय मला अस्सल वाटते. चौघांचा चमू असतो. नवखा पहिल्या पाच मिनिटांत मेला की त्याच्या फोनवर त्याच्या साथीदाराचा खेळ दिसायला लागतो. मी एका पागोळीखाली हे पाहिलं आहे. सगळ्यात धाकटा मेला, फोन टाकून उठू लागला, तेव्हा शेजारच्याने मान वर न करता सांगितलं, “मेलंस मा? आता गप माझो गेम बघ.” पोरगा बसला. पुढची पंधरा मिनिटं तो बघत होता की घरात शिरताना आधी खिडकीतून कसं डोकवायचं, पडलेल्या साथीदाराला उठवायच्या आधी धूर कसा करायचा, वर्तुळ आवळत आलं की कडेकडेने कसं सरकायचं. मरण्याची शिक्षा म्हणजे सतरंजीच्या मागे बसणं, आणि शिक्षण तिथेच. पुढे तो यूट्यूबवर इतरांचा खेळ बघेल, ते याच बसण्याचं मोठं रूप.

पायऱ्यांच्या सोयीला कीडही आहे. कसलेले काही जण नवं खातं काढून मुद्दाम खालच्या पायरीवर येतात आणि लिंबूटिंबूंना झोडपतात. गावच्या मैदानात हे चालत नाही, कारण चेहरा सगळ्यांना माहीत असतो. आणि नवख्याचं सगळ्यात जोरदार स्वागत कुठे होत असे, तर पैशाच्या रमीच्या ॲपांवर: आल्याबरोबर बोनस, फुकटची सराव-टेबलं, शिकवणारे व्हिडिओ. दार सताड उघडं, कारण नवखा हाच तिथला माल. ऑगस्ट २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने पैशाचे खेळ बंद केले आणि ई-स्पोर्ट्सना मान्यता दिली. दार उघडं असणं एवढ्यानेच खेळ भला ठरत नाही, हे त्या निमित्ताने सरकारदरबारी नोंदलं गेलं.

आता पुन्हा सावंतवाडीकडे, कारण तिथलं प्रकरण मला मिटलेलं वाटत नाही. गेल्या शतकात ही कला जवळजवळ विझली होती. पत्ते करणारे वृद्ध चितारी मोजकेच उरले होते. राजघराण्यातले शिवरामराजे भोसले आणि राणी सत्वशीलादेवी यांनी सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला राजवाड्यात लाखकामाची संस्था काढली, जुन्या कारागिराकडून नवे हात तयार करून घेतले, आणि राणीसाहेब स्वतः रंगवायला शिकल्या. आज सावंतवाडीचा गंजिफा जगभरच्या संग्रहालयांना ठाऊक आहे तो त्यामुळे. वाचवली ती चित्रकला. खेळ त्यात आपोआप वाचेल असं कोणाला वाटलं असेल तर तसं झालं नाही. तसं होतही नाही. रंगवायला शिकवणारा गुरू मिळाला, खेळणाऱ्याच्या मागे बसायची जागा मिळाली नाही.

मग मॅजिकवाल्यांनी केलं ते सावंतवाडीला का करता येऊ नये? १२० पानांचा पुरा जोड जाणत्यांसाठी आणि संग्राहकांसाठी राहू दे. त्यातून चार रंग वेगळे काढा: मत्स्य आणि कूर्म, राम आणि कृष्ण. पहिले दोन एका क्रमाचे, दुसरे दोन उलट्या, म्हणजे खेळाची मुख्य गंमत शाबूत. राम असल्याने दिवसाची उतारी होते, कृष्ण असल्याने रात्रीची. ४८ पानं, तिघांत सोळा-सोळा. दहाऐवजी चारच रंगांचा हिशेब ठेवायचा. शाळकरी पोराला तेवढं एका सुट्टीत जमेल. कोपऱ्यात बारीक आकडा घातला तर चितारींनी तो विटाळ मानू नये. दोन डाव पचले की वराह आणि परशुराम मिळवा, आणि असं करत दहावर या. चार रंगांचा जोड रंगवायला पुऱ्या जोडाच्या निम्म्याहून कमी वेळ लागेल, आणि त्याची किंमतही त्याच मानाने उतरेल. चतुर्थीला माटवीखाली ठेवायला असा एखादा जोड घ्यायला मी तयार आहे. उलट्या रंगात एक्का मोठा की दश्शा, यावरून पहिल्या रात्री भांडणं होतील ती होऊ देत.